वराटक : कवडीचे जुने नाव आणि १२८० चा हिशेब

एका याचकाने एका कंजूष माणसापुढे हात पसरला. त्या गृहस्थाने एक द्रम्म मनाशी धरला आणि त्याचे तुकडे पाडायला सुरुवात केली. द्रम्माचे अर्धे, त्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा हिस्सा आणि सरतेशेवटी त्याचा चौथा हिस्सा त्याने याचकाच्या हातावर ठेवला. तर त्याने किती वराटक दिले? भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त अपूर्णांकांच्या प्रकरणात हे उदाहरण येते.

कागद-पेन्सिल न घेताही ते सुटते. अर्ध्याचे दोन तृतीयांश म्हणजे एक तृतीयांश. त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे पाव द्रम्म. पावाचा पाचवा हिस्सा म्हणजे द्रम्माचा विसावा भाग, त्याचा सोळावा म्हणजे तीनशेविसावा भाग आणि त्याचा चौथा म्हणजे द्रम्माचा १२८० वा भाग. आता ‘लीलावती’च्या आरंभी दिलेले नाण्यांचे कोष्टक पाहायचे. २० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क. वीस गुणिले चार गुणिले सोळा, म्हणजे बरोबर १२८०. याचकाला मिळाला फक्त एक वराटक.

वराटक म्हणजे कवडी.

समुद्रातल्या एका छोट्या गोगलगाईचे हे कवच नाण्यांच्या कोष्टकात सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेले आहे आणि वरचा सगळा डोलारा त्याच्यावरच मोजला जातो. एक निष्क म्हणजे २०,४८० वराटक. वराटक हा शब्द आता संस्कृतच्या अभ्यासकांपलीकडे फारसा कुणाच्या कानी नसतो. पण ज्या वस्तूचे ते नाव आहे, तिने मालदीवपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत बाजार चालवले, राज्यांचे सारे वसूल केले आणि १२८० हा आकडा निदान हजार वर्षे लोकांच्या तोंडी ठेवला.

संस्कृतात ‘वराटक’ला एकाहून अधिक अर्थ आहेत. अमरकोशात कमळाच्या मधल्या बीजकोशाला वराटक म्हटले आहे, दोरीच्या नावांमध्येही तो शब्द येतो. गणिताच्या आणि वैद्यकाच्या ग्रंथांत मात्र वराटक किंवा वराटिका म्हणजे कवडीच. तिचे दुसरे संस्कृत नाव कपर्द, कपर्दक किंवा कपर्दिका. शंकराच्या जटाजूटालाही ‘कपर्द’च म्हणतात, म्हणून तो कपर्दी. या ‘कपर्दिके’चे प्राकृतातून घासत घासत ‘कवडी’ झाले, हिंदीत ‘कौडी’ झाले आणि तिथून इंग्रजीने ‘काउरी’ उचलले. एका नावाला लोकांनी बोलण्यात ठेवले. दुसरे नाव, वराटक, पोथीत राहिले.

ज्या कवडीला पैशाचा मान मिळाला, तिचे शास्त्रीय नाव ‘मोनेटारिया मोनेटा’. लिनियसने १७५८ मध्ये तिचे वर्णन केले तेव्हा लॅटिनमधला नाण्याचाच शब्द तिला दिला. साधारण दीड ते तीन सेंटिमीटर लांबीचे, पांढरट ते पिवळसर कवच. पाठीवर एका बाजूला बोटाला जाणवतील असे उंचवटे. उलटी केली की सपाट पोट आणि मधोमध लांब फट, फटीच्या दोन्ही कडांना दात. ती जिवंत असते तेव्हा मात्र ओळखू येणार नाही अशी दिसते. प्राण्याच्या अंगाचा मऊ पडदा दोन्ही बाजूंनी वर येऊन सगळे कवच झाकून टाकतो. हाच पडदा कवचावर चुन्याचे नवे थर चढवत राहतो, त्यामुळे कवडीला मुद्दाम घासावे लागत नाही, तिची झिलई अंगचीच असते. लहानपणी तिचे कवच साध्या गोगलगाईसारखे वेटोळे आणि पातळ ओठाचे असते. मोठी होताना तो ओठ आत वळतो, जाड होतो, त्याला दात फुटतात. त्यानंतर ती लांबीला वाढत नाही, फक्त जाड होत जाते. प्रौढ कवड्या आकाराने बऱ्याचशा सारख्या निघतात त्या यामुळे.

हिंदी महासागरातल्या प्रवाळ-खडकांच्या उथळ पाण्यात ती शेवाळावर जगते. लक्षद्वीपमध्ये ती सापडते, पण जगाच्या बाजारात तिचे माहेर मालदीव. अकराव्या शतकात अल्-बेरुनीने या बेटांचा एक गट ‘कवड्यांची बेटे’ म्हणून वेगळा सांगितला, दुसरा गट काथ्याचा. त्याच्या आधीच्या, नवव्या शतकातल्या अरबी वृत्तान्तांत कवड्या गोळा करण्याची रीत आहे. नारळाच्या झावळ्या पाण्यावर टाकायच्या, कवड्या त्यांना चिकटतात, मग झावळ्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या.

प्रवासी इब्न बतूता १३४३-४४ मध्ये मालदीवमध्ये काझी होता. त्याने या व्यवहाराची तपशीलवार नोंद केली. समुद्रातून प्राणी गोळा करून किनाऱ्यावर खड्ड्यात पुरतात, मांस कुजून जाते आणि पांढरे कवच उरते. मोजणीसाठी वेगवेगळे शब्द होते आणि त्यांतले १२,००० कवड्यांचे एकक म्हणजे ‘कुत्ता’. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी कधी दहा लाखही. बंगालचे व्यापारी त्या बदल्यात तांदूळ देत. पुढे हाच माणूस सहारा ओलांडून माली राज्यात गेला आणि तिथे त्याला दिनाराला ११५० कवड्या असा भाव दिसला. एकाच कवडीची दोन टोकांची किंमत एकाच माणसाने स्वतः पाहून लिहून ठेवावी, हे अर्थशास्त्राच्या इतिहासातले भाग्यच म्हणायचे. दिनाराला चार लाख आणि दिनाराला ११५०, या दोन भावांत साडेतीनशे पटींचे अंतर आहे. त्या अंतरात वाळवंट, उंटांचे तांडे आणि कित्येक दलालांचे हात आहेत.

अडीचशे वर्षांनंतर, १६०२ मध्ये, फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी जहाज फुटून मालदीवमध्ये अडकला आणि काही वर्षे तिथेच राहिला. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे भरती-ओहोटी मोठी असते तेव्हा बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून कवड्या वेचतात, असे त्याने लिहिले आहे. नारळाच्या पानांच्या करंड्यांत भरलेल्या कवड्या जहाजांनी बंगालला जात. एका करंड्यात किती? १२,०००. इब्न बतूताच्या काळचे माप तसेच्या तसे टिकून होते.

पैसा म्हणून कवडी चालली यामागे सरळ कारणे आहेत. ती कुजत नाही, गंजत नाही, हाताळून झिजते तीही फार सावकाश. तिची नक्कल करणे तिला समुद्रातून आणण्यापेक्षा महाग पडते. आकार सारखा असल्यामुळे मोजता येते, आणि ढीग मोठा असेल तर वजनाने किंवा मापानेही घेता येते. मुख्य म्हणजे तिची किंमत कमी. चांदीचे नाणे कितीही छोटे पाडले तरी त्यात मूठभर भाजी किंवा चिमूटभर मीठ मोजून घेता येत नाही. तांब्याचे नाणेही पुष्कळदा मोठेच पडते. गरिबाच्या रोजच्या खरेदीला पुरेल असे चलन टांकसाळींना परवडत नव्हते, ते समुद्राने दिले.

चिनी प्रवासी फाहियान पाचव्या शतकाच्या आरंभी मध्यदेशात आला तेव्हा इथले लोक देवघेवीत कवड्या वापरतात, असे त्याने नोंदवले. श्रीधर या गणितज्ञाने भास्कराचार्यांच्या आधी काही शतके जे कोष्टक दिले, त्यातही २० वराटकांची काकिणी, ४ काकिणींचा पण आणि १६ पणांचा ‘पुराण’ आहे. पुराण हे चांदीच्या जुन्या नाण्याचे नाव. बंगालच्या सेन राजांच्या ताम्रपटांत जमिनीचे वार्षिक उत्पन्न ‘कपर्दक-पुराण’ या एककात दिले आहे. म्हणजे नाव चांदीच्या नाण्याचे आणि मोजणी कवड्यांची. याच घराण्यातला लक्ष्मणसेन कुणाला देणगी द्यायचा तर एक लाख कवड्यांहून कमी देत नसे, असे मिन्हाज-इ-सिराज या इतिहासकाराने लिहिले आहे. त्या प्रदेशात चांदीऐवजी कवडीच चालते, हेही त्याने सोबत सांगितले.

आता मराठी वाचकाच्या ओळखीच्या इतिहासाकडे यायचे तर ओडिशात जावे लागते. नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी तह केला आणि ओडिशा त्यांच्या ताब्यात आला. तो १८०३ पर्यंत राहिला. या प्रांतात सारा ‘काहणां’त आकारला जाई. ४ कवड्यांचा एक गंडा, २० गंड्यांचा एक पण, १६ पणांचा एक काहण. हिशेब मांडून पाहावा. चार गुणिले वीस म्हणजे ८० कवड्यांचा पण, आणि १६ पण म्हणजे १२८०. भास्कराचार्यांच्या द्रम्मात जितके वराटक, तितक्याच कवड्या ओडिशाच्या काहणात. मधल्या पायरीचे नाव बदलले, काकिणीच्या जागी गंडा आला, तरी तळाची आणि वरची संख्या साडेसहाशे वर्षांत हलली नाही. चार काहणांना एक रुपया हा रूढ भाव, म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या.

हाच ५१२० चा आकडा आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटमध्येही भेटतो. रॉबर्ट लिंडसे हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी १७७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे कलेक्टर होता. जिल्ह्याचा सारा अडीच लाख रुपये, आणि तो जमा होई कवड्यांत. अडीच लाख गुणिले ५१२०, म्हणजे १२८ कोटी कवड्या. एक कवडी एका ग्रॅमची धरली तरी हे ओझे १२८० टन होते. हा माल साठवायला कोठारे लागत, मोजायला माणसे लागत, आणि वर्षाकाठी होड्यांचा ताफा भरून तो ढाक्याला न्यावा लागे. या सगळ्या खटाटोपात दहा टक्के घट येते, वाटेतली चोरी वेगळीच, असे लिंडसेने आपल्या आठवणींत लिहिले. कवडी कारभाराला गैरसोयीची आहे हे कंपनीला इथे कळून चुकले. ती रयतेला सोयीची आहे, हे मात्र कंपनीने मनावर घेतले नाही.

देवगावच्या तहाने १८०३ मध्ये ओडिशा भोसल्यांकडून कंपनीकडे गेला आणि थोड्याच काळात नव्या कारभाराने साऱ्यापोटी कवड्या घेणे बंद केले. सारा आता चांदीच्या रुपयात भरायचा. शेतकऱ्याच्या घरात रुपया नव्हता, कवड्या होत्या. त्या बाजारात नेऊन रुपये घ्यायचे, तर सगळेच रुपये घ्यायला निघालेले. साहजिकच रुपया महागला आणि कवडी पडली. साऱ्याचा आकडा कागदावर तेवढाच राहिला, पण तो भरायला दर वर्षी जास्त काहण मोजावे लागले. १८१७ मध्ये बक्षी जगबंधूंच्या नेतृत्वाखाली ओडिशातल्या खुर्द्यात पाइक शिपायांचा उठाव झाला. जमिनी काढून घेणे, मिठाची मक्तेदारी या कारणांबरोबर कवडीचे चलन मोडणे हेही त्याचे एक ठळक कारण मानले जाते.

त्याच १८१७ साली लंडनमध्ये हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी ‘लीलावती’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. कोलब्रुक यांनी तरुणपणी बंगाल-बिहारात कंपनीच्या महसूल खात्यात नोकरी केली होती. ‘वराटक’ म्हणजे काय, हे त्यांना कोश उघडून शोधावे लागले नसेल. ज्या कोष्टकाचा ते अनुवाद करत होते ते त्या घडीला ओडिशाच्या बाजारात जिवंत होते, आणि त्यांचीच कंपनी ते मोडीत काढत होती.

कवडीच्या कथेतले सगळ्यात काळे पान आफ्रिकेचे आहे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत डच व इंग्रजांनी मालदीवच्या कवड्या बंगाल आणि श्रीलंकेतून जहाजात घातल्या. जहाजाला तळाशी वजन लागतेच, ते काम कवड्यांनी केले. अ‍ॅम्स्टरडॅम आणि लंडनमध्ये त्यांचे लिलाव होत. तिथून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या बेनिन देशातल्या विदासारख्या बंदरांत जात, आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. अठराव्या शतकात या वाटेने अब्जावधी कवड्या गेल्या. मालदीवच्या बाईने ओहोटीत वेचलेली कवडी अटलांटिक ओलांडणाऱ्या गुलामाची किंमत ठरत होती, आणि या साखळीतला मोठा दुवा आपल्याकडचा बंगालचा बाजार होता.

गुलामांचा व्यापार आटल्यावर पामतेलाच्या खरेदीसाठी कवड्या जातच राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपीय व्यापाऱ्यांनी झांजिबारकडची, पाठीवर पिवळे कडे असलेली दुसऱ्या जातीची कवडी जहाजे भरभरून आणली. ती सहज मिळणारी आणि स्वस्त. ज्या चलनाची नक्कल होत नाही म्हणून त्यावर विश्वास होता, त्याच्यासारखेच दुसरे चलन निसर्गातच सापडले. कवड्यांचा पूर आला, भाव कोसळले, पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली पुंजी मातीमोल झाली. तरी आठवण राहिली. घाना स्वतंत्र झाल्यावर १९६५ मध्ये त्या देशाने आपल्या नव्या चलनाला ‘सेडी’ हे नाव दिले. अकान भाषेत त्याचा अर्थ कवडी.

महाराष्ट्रात कवडी बाजारातून गेली, पण बोलण्यातून हटली नाही. कवडीमोल, कवडीमात्र, फुटकी कवडी, कवडी-कवडी जमवणे हे शब्दप्रयोग रोजच्या वापरातले आहेत. ‘लीलावती’तल्या त्या कंजूष दात्याला मराठीत चपखल नाव आहे, कवडीचुंबक. घट्ट विरजलेले दही कवडी-कवडी लागते. अंगावर पांढरे पट्टे असलेला बिनविषारी साप कवड्या साप, आणि काळा-पांढरा खंड्या तो कवड्या धीवर. चलनाच्या तळाशी असल्यामुळे कवडी हलकेपणाची खूण ठरली. पण ‘एक कवडीही देणार नाही’ असे आजही म्हटले जाते, तेव्हा त्यात जुन्या बाजारातले सर्वात लहान, तरीही मोजण्याजोगे देणे बोलत असते.

देवीच्या दारात हीच कवडी मोलाची होते. तुळजाभवानीचे आराधी आणि भुत्ये कवड्यांच्या माळा घालतात. कवडीची पाठ घासून भोक पाडायचे, दोरा ओवायचा आणि दातांची बाजू दर्शनी ठेवायची, अशी ही माळ होते. माळ आणि परडी घेणे म्हणजे देवीच्या सेवेला बांधून घेणे. पाच घरी जोगवा मागताना ही माळ गळ्यात असते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या चित्रांतून आणि पुतळ्यांतून गळ्यात कवड्यांची माळ दिसते ती याच कुलदेवतेच्या नात्याने. गोंधळ्याच्या अंगावरही ती असते आणि यल्लम्माच्या जोगत्यांकडेही.

खेळातही कवडीने जागा धरली. फाशाच्या जोडीने ती दान टाकायला वापरली गेली, कारण फेकली की ती उताणी पडते किंवा पालथी, तिसरी शक्यता नाही. चार कवड्यांच्या अष्टाचंगात चारही उताण्या पडल्या की चार, चारही पालथ्या पडल्या की आठ. पचिसीचे नाव कवड्यांच्या पंचवीसच्या दानावरून आले.

आणि वराटक हा शब्द? तो आयुर्वेदाने जपला. रसशास्त्राच्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात औषधाला घ्यायची वराटिका कशी असावी, हे स्पष्ट सांगितले आहे. रंगाने पिवळसर, पाठीवर गाठी असलेली. म्हणजे समुद्रातल्या अनेक जातींच्या कवड्यांतून वैद्यांनी निवडली ती नेमकी चलनातली कवडी, आणि तिची ओळख पाठीवरच्या ज्या उंचवट्यांनी पटवली त्याच खुणेने आजचे प्राणिशास्त्रज्ञही ती ओळखतात. प्रतवारी वजनावर. दीड निष्क भरेल ती श्रेष्ठ, एक निष्काची मध्यम, पाऊण निष्काची कनिष्ठ. इथे निष्क हे वजनाचे माप आहे. कवड्या कांजीसारख्या आंबट द्रवात उकळून शुद्ध करायच्या, मग शरावात, म्हणजे मातीच्या परळात, बंद करून अग्नीचे पुट द्यायचे आणि उरलेले पांढरे भस्म खलायचे. कवडीचे कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याचे भस्म आम्लाला मारते, म्हणून अम्लपित्तावर आणि जेवणानंतरच्या पोटदुखीवर वैद्य ते देत आले. ‘वराटिका भस्म’ किंवा ‘कपर्दिका भस्म’ या नावाने ते आजही आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळते. त्याची किंमत रुपयांत असते आणि वजन ग्रॅममध्ये.